धोंड्याचा जावई आणि सोनौलीचा साहेब

परवा व्हिडिओ कॉलवर नातीनं विचारलं, "आजी, तू बाबाला इंडियातून हाकलून दिलं होतंस ना?"

नात सात वर्षांची. पोलंडमध्ये राहते, मराठी बोलते आणि तिची आई सांगेल ते सगळं खरं मानते. मी म्हटलं, "हाकललं नव्हतं गं. बाहेर नेलं होतं, फक्त परत आत आणायचं राहिलं." पलीकडून लेक खो खो हसली. हे प्रकरण हसण्याजोगं व्हायला आठ वर्षं लागली. तेव्हा ती हसत नव्हती.

म्हणून एकदा माझ्या बाजूनं लिहून ठेवते. बाजू फारशी चांगली नाही, पण आहे. चूक कोवळ्या वयात झाली. मी जेमतेम साठीची होते. साठीच्या बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. अडुसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले की अक्कल हळूहळू ठिकाणावर येते.

त्या साठीतल्या बाईची ओळख करून द्यायला हवी. पनवेलच्या एका सरकारी कचेरीत ती बत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसली. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. एवढ्या भांडवलावर तिचा समज झाला होता की जगातला कुठलाही कागद आपण नुसता हातात धरला तरी वाचून होतो. करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत कुणाकडे नोटीस आली की ती आधी हिच्या चष्म्याखालून जायची. "कागद मला शिकवू नका," हे तिचं लाडकं वाक्य. चेहऱ्यावर भाव असा, की राज्यघटना टाइप करताना हिलाच शंका विचारल्या होत्या.

कचेरीत आमची एक रीत होती. कुणीही काहीही मागायला आलं की पहिल्यांदा म्हणायचं, "होणार नाही." तोच माणूस दुसऱ्यांदा आला की म्हणायचं, "बघू." तिसऱ्यांदा आला की याला खरंच गरज आहे असं धरून काम करून द्यायचं. लाच नाही, वशिला नाही, नुसतं स्वच्छ 'नाही'. उरणकडचे शेतकरी त्यापायी एसटीनं तीन-तीन खेपा घालायचे. मला वाटायचं, चला, त्या निमित्तानं त्यांचा बाजारहाट होतो.

तर अशा या बाईला चार वर्षं आधी परदेशात शिकणाऱ्या लेकीचा फोन आला होता. "आई, मी लग्न करतेय. माझ्याच लॅबमधला आहे. इथलाच, पोलंडचा."

मी म्हटलं, "होणार नाही."

आणि वाट बघत बसले. आता ती दुसऱ्यांदा विचारील, मग मी "बघू" म्हणीन, तिसऱ्यांदा विचारील तेव्हा डोळे पुसून शालू काढीन. सगळं ठरलेलं होतं, फक्त लेकीला सांगायचं राहिलं होतं. ती माझी मुलगी होती, अर्जदार नव्हती, हे मला कळलं तेव्हा लग्नाचे फोटो येऊन पडले होते. फोटोत त्याच्याकडची वीसेक माणसं होती. आमच्याकडून तिची एक रूममेट, तीही केरळची.

त्यानंतर चार वर्षं मी जावयाशी बोलले ती "हॅलो" आणि "बाय" एवढीच. चुकलं म्हणायची सवय नव्हती. कचेरीत आम्ही कधी चुकत नसू. आमच्याकडून 'अनवधानाने राहून जाई'.

मग आला धोंड्याचा महिना. दर तीनेक वर्षांनी पंचांगात हा एक जादा महिना येतो, त्याला अधिक महिनाही म्हणतात. त्यात जावयाला विष्णू मानायचं, लेकीला लक्ष्मी. दोघांना पाटावर बसवून कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मला हायसं वाटलं. माफी मागण्यापेक्षा अनारसे तळणं कितीतरी सोपं. ज्याच्या कपाळाला लग्नात हात लावला नव्हता, त्याला या महिन्यात कुंकू लावायचं. महिना सरला की पुढे तीन वर्षं तोंड उघडायला निमित्त नव्हतं, आणि बिननिमित्ताचं तोंड मला उघडता आलं नसतं.

दोघं आली. तीन आठवड्यांची रजा. जावईबापू दारात उभे राहिले तर चौकट भरली. मी "या" म्हटलं, त्यांनी नमस्कार केला आणि दोघांचे शब्द संपले. मला काय म्हणून हाक मारायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते माझ्यासमोर आले की नुसते खाकरायचे.

त्यातच आमच्या ह्यांनी पशुपतिनाथाचं काढलं. अधिक महिना आहे, नेपाळला जाऊन येऊ, अमावास्येला महिना संपतो त्या दिवशी वाण देऊ. जावयानं लगेच चौघांची मुंबई-काठमांडू विमानाची तिकिटं काढली, जाण्यायेण्याची. आता शहाण्या बाईनं गप्प बसून खिडकीची जागा मागितली असती. मी म्हटलं, "जावयाच्या पैशानं देवदर्शन? लेकीच्या घरी पाणी पिताना दहादा विचार करणारी माणसं आम्ही! रद्द करा." पनवेलहून थेट गोरखपूरला गाडी जाते. तिथून जीपनं सोनौलीची हद्द, पलीकडे नेपाळ. सगळं माझ्या पेन्शनीत.

लेक म्हणाली, "आई, ह्याचा टूरिस्ट व्हिसा ऑनलाइन काढलेला आहे. जमिनीवरून परत येता येतं का, ते बघून घेऊ या. सूचनांचीच तीन पानं आहेत."

"आण इकडे तो कागद."

कागदावर स्पष्ट छापलं होतं, डबल एन्ट्री. मी दोन बोटं वर केली. "दोनदा यायची परवानगी आहे. एकदा मुंबईला आले. एकदा सोनौलीला येतील. दोन. कागद मला शिकवू नकोस."

सूचनांची ती तीन पानं मी उघडलीसुद्धा नाहीत. सूचना वाचायच्या असतात त्या अर्जदारांनी.

गाडीत आमच्या डब्यात खारघरचे टॉवर बांधणारे मजूर गावी निघाले होते. भुसावळपर्यंत त्यांनी जावयाला पत्ते शिकवले आणि माझी लसणाची चटणीही संपवली. मी वरच्या बर्थवरून पाहत होते. चार वर्षांत मला त्या माणसाशी एक वाक्य बोलता आलं नव्हतं, आणि हे लोक सहा तासांत त्याच्यावर पिसण्यात लबाडी केल्याचा आरोप करत होते.

सोनौलीला आपल्या लोकांना कुणी काही विचारत नाही. कमानीखालून चालत जायचं, झालं. ह्यांना आणि लेकीला सामान घेऊन पुढे पाठवलं. जावयाला मात्र कचेरीत बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा होता. कागदाचं काम म्हटल्यावर सोबत कोण जाणार? मीच.

बाजाराच्या रस्त्यावरच ती कचेरी होती. टेबल, शिक्का, शाईचं पॅड, गार झालेला चहा. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. साहेबांनी पासपोर्ट चाळला, जावयाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"माताजी, ये आपके साथ हैं?"

मी पासपोर्टावर बोट ठेवून ऐटीत म्हटलं, "ये हमारा आदमी है, साहब."

"ठीक है। जा सकते हैं। लेकिन ये ऑनलाइन वाला वीजा है, वापसी एयरपोर्ट से ही होगी। इधर से एंट्री नहीं मिलेगी।"

हे त्यांनी अगदी सावकाश सांगितलं. दोनदा सांगितलं. मी ऐकलं, मला कळलं, आणि मी मनात म्हटलं, पहिलं 'नाही' आहे. ओळखला मी हा सूर! बत्तीस वर्षं माझाच होता. परत येताना दुसऱ्यांदा विचारू, साहेब "देखेंगे" म्हणतील, तिसऱ्यांदा विचारलं की शिक्का. एका कचेरीतल्या माणसानं दुसऱ्या कचेरीतल्या माणसाला एवढं ओळखायला नको?

"हाँ हाँ, देखेंगे," असं साहेबांच्या वतीनं मीच म्हणून टाकलं आणि बाहेर आले. लेकीनं विचारलं, "काही म्हणाले का?"

"काय म्हणणार? मी होते ना."

पशुपतिनाथाचं दर्शन छान झालं. तिथंही मी देवाकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही. माझं सगळं व्यवस्थितच चाललं होतं ना!

परतीच्या दिवशी सकाळी पुन्हा सोनौली. पुन्हा तेच टेबल, तेच साहेब. पनवेलची गाडी गोरखपूरहून संध्याकाळी होती. ती दोन रात्रींनी, अमावास्येच्या दिवशी सकाळी पोचणार, दुपारी सोसायटीतल्या बायका जेवायला. अनारशाचं पीठ डब्यात मुरत होतं. साहेबांनी पासपोर्ट उघडला आणि मिटला.

"मैंने बताया था, माताजी।"

मी दुसऱ्यांदा विचारलं. "नहीं।" तिसऱ्यांदा विचारलं. "नहीं हो सकता।" चौथ्यांदा मी सांगितलं की मीही सरकारी नोकरीत होते. साहेब उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "तो आप तो समझती होंगी।"

बत्तीस वर्षांत मला खरं 'नाही' ऐकायला मिळालं नव्हतं. ते असं असतं. त्यात पाण्याचा पेलाही मिळतो.

लेक कचेरीच्या दारात होती. तिनं ऐकलं. "बताया था? म्हणजे जाताना सांगितलं होतं? आई?"

पुढचं सगळं परत नेपाळच्या बाजूला, एका चहाच्या टपरीवर झालं. आम्हां तिघांना कुणी अडवत नव्हतं. आम्ही या देशातून त्या देशात भाजीला जावं तसं जात होतो. ज्याला अडवलं होतं तो मात्र शांतपणे बिस्कीट बुडवत होता. लेक रडत-ओरडत बोलली. "चार वर्षं तू त्याला घरात घेतलं नाहीस. आता घेतलंस तर देशाबाहेर काढलंस! तुला कुणाचं ऐकूच येत नाही का गं?"

हे म्हणाले, "ऐकू येतं तिला. ती नोंद घेते आणि फाइल बंद करते." छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांना विनोद करायला हाच मुहूर्त सापडला.

मी जावयाकडे वळले. म्हटलं, "मला सांगितलं होतं साहेबांनी. मी तुम्हाला सांगितलं नाही." अनवधानाने हा शब्द ओठापर्यंत आला होता, तो चहाबरोबर गिळला. "माझं चुकलं."

ते खाकरले. मग त्यांच्या सावकाश मराठीत म्हणाले, "मला कळलं होतं. एअरपोर्ट. हा शब्द कळतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणाला, हमारा आदमी. मी विचारलं होतं हिला गाडीत, हमारा म्हणजे काय." बिस्कीट चहात पडलं, ते चमच्यानं शोधत ते पुढे म्हणाले, "मग मी म्हटलं, आई म्हणते तर होईल."

आई. चार वर्षांचं खाकरणं संपलं ते असं, परक्या देशात, बुडालेल्या बिस्किटासमोर. मला भरून वगैरे आलं, पण लगेच लक्षात आलं की आमच्यात मूर्ख दोघं होते. फरक एवढाच, की त्यांचा मूर्खपणा चांगल्या वळणाचा होता.

आता काठमांडूला परत जाऊन विमानानं मुंबईला येणं एवढाच मार्ग होता. लेक निघाली त्यांच्याबरोबर. मी म्हटलं, "तू बाबांना घेऊन गाडीनं जा, त्यांच्या गोळ्या तुला ठाऊक आहेत. जावईबापूंना मी बाहेर नेलं, मीच आत आणते." लेक माझ्याकडे पाहत राहिली. बहुधा, आता हिच्या हातात पासपोर्ट द्यावा का, असा विचार करत असावी. पासपोर्ट तिनं नवऱ्याच्याच खिशात ठेवला आणि खिशाची चेन ओढली.

नऊ तास बस. माझ्या कचेरीतल्या इंग्रजीत आणि त्यांच्या मराठीत आम्ही बोललो. मी त्यांना तीन वेळा विचारायची रीत समजावून सांगितली. लग्नाच्या वेळी मी दुसऱ्या फोनची वाट बघत होते, हेही सांगितलं. त्यांनी बोटांवर एक, दोन, तीन मोजलं. मग म्हणाले, "आमच्याकडे नाही म्हणजे नाही." मी म्हटलं, "ते मला सोनौलीला कळलं."

दुसऱ्या दिवशी विमानाचं तिकीट त्यांनीच काढलं. मी खिडकीची जागा मागितली.

काठमांडूच्या विमानतळावर त्यांचा पासपोर्ट पाहून त्यांना दोन मिनिटांत पुढे सोडलं. माझ्याकडे मतदार ओळखपत्र होतं, नेपाळला आपल्या लोकांना तेवढं चालतं. त्यावरचा फोटो बाविसेक वर्षांपूर्वीचा, दोन वेण्या आणि वटारलेले डोळे. काउंटरवरचे साहेब एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहायला लागले. "ये आप हैं?" मी वेण्यांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. मागची रांग कुरकुरू लागली. "साथ में कौन है? पति?" मी सांगितलं, पति गाडीत आहेत, अमुक ठिकाणी असतील. साहेब आणखीच संशयानं पाहू लागले. पुढे निघून गेलेले जावईबापू तेवढ्यात मागे फिरले, काउंटरवर वाकले, माझ्या ओळखपत्रावर बोट ठेवलं आणि माझ्याच ऐटीत म्हणाले,

"ये हमारा आदमी है, साहब."

सगळी रांग हसली. साहेबही हसले आणि मला सोडलं. मुंबईला त्यांच्या पासपोर्टावर दुसऱ्या प्रवेशाचा शिक्का बसला, तो मी लांबून टाचा उंच करून पाहिला. जरा तिरका होता. मी सरळ मारला असता.

अमावास्येच्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला, गाडी इटारसीच्या अलीकडे उभी आहे, संध्याकाळशिवाय पोचत नाही. अमावास्या दुपारीच संपत होती. म्हणजे सोनौलीच्या साहेबांनी माझं ऐकलं असतं, तर आम्ही चौघंही त्या वेळी इटारसीला असतो आणि पनवेलात अनारशाचं पीठ एकटं धोंडा साजरा करत असतं. हे मी अजून लेकीला नीट पटवून देऊ शकलेली नाही.

शेजारच्या आगरी वहिनी पुरणाचं पातेलं घेऊन आल्या. घरात डोकावून म्हणाल्या, "जावय हाय, पोर नाय? ह्यो कसला धोंडा गो बाय?"

गुरुजी आले, त्यांनीही तेच म्हटलं. "काकू, वाण जोडीनं घ्यायचं असतं. असं होणार नाही."

एरवी मी गुरुजींना सोडलं असतं होय? पण कालपरवाच कान टोचून घेतले होते. मी म्हटलं, "बरं. नाही तर नाही." आणि कुंकवाची कोयरी मिटली. गुरुजी चपापले. पंचवीस वर्षांत मी त्यांचं पहिल्या बोलीत कधी ऐकलं नव्हतं.

पाटावर मांडी घालून बसलेले जावईबापू खाकरले. "गुरुजी," ते म्हणाले, "बघू?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"नाही हो, पत्नी पाहिजे शेजारी."

"गुरुजी," जावईबापू तिसऱ्यांदा म्हणाले आणि एक बोट वर करून थांबले. बसमधला धडा पाठ होता.

गुरुजींनी पंचांग उघडलं, मिटलं, उपरणं सारखं केलं. "सुपारी आहे का घरात? पत्नी हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. शास्त्रात सोय आहे."

शेजारच्या पाटावर सुपारी मांडली. मी तिला हळदकुंकू वाहिलं. मग जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं. चार वर्षं उशीर, त्यात नाकावरही सांडलं. अनारसे निम्मे तुपात विरघळले होते. तेहतीस काही झाले नाहीत, म्हणून तुकडेही धरले. त्यांनी तुकडेच आधी खाल्ले.

संध्याकाळी लेक आली. नवऱ्याच्या कपाळावरचं कुंकू पाहून तिचे डोळे भरले, आणि आपल्या पाटावर काय बसलं होतं ते कळल्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

ती सुपारी अजून माझ्या देव्हाऱ्यात आहे. यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आहे आणि तिघंही येतायत. जावईबापूंनी व्हिसाचा कागद मला पाठवला, खाली लिहिलं, 'आई, बघा.' मी सूचनांची सगळी पानं वाचली, दोनदा, मग लेकीला फोन करून म्हटलं, "मला कळलं नाही. तू बघ."

नातीला मात्र मी सांगून ठेवलंय, या वेळी तीन पाट मांडणार. एक बाबाचा, एक आईचा आणि एक सुपारीचा. बदलीवर आली होती बिचारी, पण तिनं काम चोख केलं होतं.